फिटरचे दहा दिवस

राजानंद काकासाहेबांच्या जिनिंगवर पहिल्यांदा गेला, त्या दिवशी तिथं एकही मशीन चालू नव्हतं. दिवाळी होऊन आठवडा लोटला होता. कापसाच्या ट्रॉल्या आवारातून निघून पार परतूरच्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या, आणि शेडमध्ये मात्र चिमण्यांची चिवचिव ऐकू येत होती. जुना फिटर लक्ष्मीपूजनाला गावाकडं म्हणून गेला, तो परत फिरकलाच नव्हता. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या चोवीस जिनांपैकी नऊ बंद पडलेले, बाकीच्यांचे चामड्याचे रोलर घासून गुळगुळीत झालेले. त्यांना हात लावायची कुणाची छाती होत नव्हती.

राजानंदला तिथं नेलं रामप्रसादनं. रामप्रसाद जिनिंगचा सुपरवायझर, राजानंदसारखाच आष्टीचा, शाळेत त्याच्याच बाकावर बसलेला. ऑफिसच्या दारात चपला काढताना तो हळूच म्हणाला, "जास्त बोलू नको. मालक तापलेले हायत."

काकासाहेब टेबलामागं बसले होते. पंचावन्नच्या आसपासचा माणूस, दंडानं भरलेला, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. साठ एकर रान आणि हे जिनिंग, दोन्ही ते एकाच आवाजात चालवत. त्यांनी राजानंदला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आधी कुठं होतास?"

"जालन्याला, डाळमिलवर. सहा वर्षं."

"का सोडलं?"

"सोडलं न्हाई. मालकांच्या भावाभावांत वाटण्या झाल्या, मिल बंद पडली."

"आडनाव?"

"मगरे."

"हां," काकासाहेब म्हणाले. त्या एका 'हां'मध्ये काय काय असतं ते राजानंदला शाळेपासून पाठ होतं. त्यानं ते नेहमीसारखं कानाआड केलं.

"मालक, कामाला लागायच्या आधी एक सांगायचंय," तो म्हणाला. "वीस डिसेंबरपासून दहा दिवस मी येणार न्हाई. ऑगस्टातच एका ठिकाणी नाव दिलेलं हाय. तव्हा डाळमिलवर होतो, तिथं तूर यायच्या आधी डिसेंबरात काम नसतंय. आत्ताच सांगून ठेवतो, मागून बोल नको."

रामप्रसादनं मागून त्याचा शर्ट ओढला. काकासाहेबांचं लक्ष खिडकीबाहेरच्या ट्रॉल्यांकडं होतं. "घे की बाबा. आधी मशिनी तर फिरव."

"वीस ते एकोणतीस. दहा दिवस."

"अरे दिले म्हणलं ना! रामप्रसाद, ने याला शेडमधी. जल्दी."

त्या दिवशी अंधार पडायच्या आत राजानंदनं सात जिन चालू करून दिले. चार दिवसांत चोवीसच्या चोवीस.

काम त्याला येत होतं, त्यात वादच नव्हता. कोणत्या जिनचा चाकू रोलरला जास्त दाबतोय, कोणत्या बेअरिंगमध्ये कचरा गेलाय, हे तो शेडच्या दारात उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगायचा. रुई स्वच्छ पडू लागली, सरकी फुटायची थांबली, गाठी वेळेत बांधल्या जाऊ लागल्या. काकासाहेबांनी त्याबद्दल एकदाही बरा शब्द काढला नाही. त्यांचं बोलावणं एकाच पद्धतीचं होतं. ऑफिसच्या दारात उभं राहून दोन बोटं तोंडात घालून शीळ मारायची आणि ओरडायचं, "ए फिटर!" महिना झाला तरी ते राजानंदचं नाव घेत नव्हते. राजानंदला ते डाचायचं. पण पोटाला काम लागलं होतं, आणि वीस तारीख जवळ येत होती.

पाच डिसेंबरला त्यानं रीतसर अर्ज लिहिला. नाव, काम, तारखा, कारण आणि शिबिराचा पत्ता. तो घेऊन दुपारच्या जेवणानंतर तो ऑफिसात गेला. रामप्रसाद तिथंच वजनाच्या पावत्या लावत बसला होता.

काकासाहेबांनी कागद हातात न घेताच विचारलं, "काय हाय हे?"

"सुट्टीचा अर्ज. वीसपासून."

"कसली सुट्टी?"

"मी लागताना सांगितलं होतं, मालक. तुम्ही हो म्हणाला होता."

"मी?" काकासाहेब खुर्चीत मागं रेलले. "डिसेंबरात? जिनिंग चालवतो मी, का शाळा? मी कशाला हो म्हणीन?"

राजानंदनं रामप्रसादकडं पाहिलं. "रामप्रसाद होता की समोर. विचारा त्याला."

रामप्रसादनं पावत्यांची चळत टेबलावर ठोकून सारखी केली, मग परत एकदा केली. "मला नीट ऐकू न्हाई आलं," तो म्हणाला. "मशिनीचा आवाज असतो ना."

राजानंद कामाला लागला त्या दिवशी शेडमध्ये चिमण्यांशिवाय कशाचाही आवाज नव्हता. रामप्रसादनं मान वर केली नाही.

"कोण मेलंय का?" काकासाहेबांनी विचारलं.

"न्हाई."

"लगीन हाय?"

"न्हाई. श्रामणेर शिबिर हाय. तीर्थपुरीच्या अलीकडं, विहारात. दहा दिवस तिथंच राहायचं असतंय."

"म्हंजे काय करतात तिथं?"

"मुंडण करून चीवर घालायचं. दहा शीलं घ्यायची. ध्यान असतं, एक वेळ जेवण. दहा दिवस भिक्खूसारखं राहायचं."

काकासाहेब आधी हसले, मग त्यांना खरंच हसू आवरेना. "म्हंजे डोकं भादरून, कापड गुंडाळून, वाटीत मागून खायचं! अन् त्याच्यासाठी मी ऐन सीझनात जिनिंग बंद ठिवायचं? अरे, माझा सख्खा भाऊ वारला तव्हा तिसऱ्या दिवशी मी गेट उघडलं होतं." हसणं एकदम थांबलं. "मंठ्याच्या पार्टीला तीनशे गाठी द्यायच्यात महिनाअखेर. मशीन पडली तर कोण बघंल? तुझे भंते येतील का पाना घिऊन?"

"मी सगळ्या मशिनी तयार करून जातो. दहा दिवस काही होणार न्हाई अशी व्यवस्था करतो."

"बिलकुल न्हाई. हे बघ, माणूस मेला तर मी कुणाला अडवत न्हाई. तुझ्या आधीच्याची आजी माझ्याकडं असताना दोनदा मेली. दोन्ही बार सोडलं त्याला. मला कळत न्हाई का? पण त्यानं निदान मालकाची इज्जत ठिवून कारण दिलं. हे असलं कारण घिऊन येऊ नको."

अर्ज तसाच टेबलाच्या कडेला पडून राहिला. राजानंद बाहेर आला आणि सरळ शेडमध्ये गेला.

संध्याकाळी सुट्टी झाल्यावर रामप्रसादनं त्याला टपरीवर गाठलं. राजानंद त्याच्याशी बोलायला तयार नव्हता, पण रामप्रसाद वाट अडवून उभा राहिला.

"ऐक जरा. उगं ताणू नको. अठराला सकाळी फोन कर, सासरा वारला म्हण. दहावं-तेरावं धरून तुझे दहा दिवस त्यात बराबर बसतात. मालक हू का चू करायचे न्हाईत."

"सासरा काल माझ्या घरी जेवून गेला."

"मंग काय झालं? त्याला थोडंच कळणार हाय?"

"रामप्रसाद, खोटं बोलणार न्हाई असं तोंडानं म्हणायला मी तिथं चाललोय. अन् जायचं ते खोटं बोलून जाऊ?"

रामप्रसाद भडकला. "तुझं शील तुझ्यापाशी ठिव! तुला मी लावलं तिथं. तू पळून गेलास तर मालक माझ्या गळ्यात पडतील. मला दोन लेकरं हायत."

"लेकरं हायत म्हणून ऐकू आलं न्हाई का तुला?"

रामप्रसादनं हातातला चहाचा कप रस्त्यावर भिरकावला आणि गाडीला किक मारून निघून गेला. त्यानंतर दोघं कामापुरतंसुद्धा बोलेनासे झाले.

शिबिराला जायचं राजानंदनं कुणाच्या सांगण्यावरून ठरवलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, डाळमिलवरून मालकाच्या शिव्या खाऊन तो घरी आला होता. भाजीत मीठ जास्त पडलं, एवढ्यावरून त्यानं ताट उचलून भिंतीवर मारलं. ताट उडालं आणि दारातून आत येणाऱ्या लेकीच्या, आकांक्षाच्या भुवईवर लागलं. पोर पाच वर्षांची होती. परतूरला नेऊन चार टाके घातले. डॉक्टरनं कसं लागलं विचारलं, तेव्हा आकांक्षाच म्हणाली, "पडले." कुणी शिकवलं नव्हतं तिला. त्या दिवसापासून तो घरात ताडताड पावलं टाकत आला की पोर उठून आतल्या खोलीत जायची. त्यानं परत कधी हात उचलला नाही, पण राग काही गेला नव्हता. ऑगस्टात विहारात शिबिराची यादी करत होते, तेव्हा त्यानं स्वतः उठून नाव दिलं. घरी येऊन बायकोला, पायलला सांगितलं, तेव्हा ती चुलीवरून नजर न काढता म्हणाली होती, "बघू."

आता त्यानं जिनिंगवरचं सगळं तिला सांगितलं. पायल शिलाई मशीनवर ब्लाउजला हुक लावत होती.

"जाऊ नको म्हणत असशील तर न्हाई जात," तो म्हणाला. "काम मोठ्या मुश्किलीनं लागलंय."

"माझ्यावर कशाला ढकलून राह्यले?" पायल म्हणाली. "दहा दिवसांत माणूस बदलतो का, मला म्हाईत न्हाई. मला तर वाटत न्हाई. पण तुम्ही मालकासाठी घरी राह्यले, तर तो मालक रोज संध्याकाळी तुमच्यासंग या घरात येईल. तसली नोकरी मला नको. शिलाईवर महिना काढीन मी."

ती हे प्रेमानं बोलली नव्हती. पण राजानंदला जे कळायचं ते कळलं.

पुढचे दोन्ही रविवार तो बिनपगारी जिनिंगवर गेला. सहा जिनांचे रोलर काढून त्यांना नव्यानं खाचा पाडल्या, पट्टे बदलले, सगळे चाकू नव्यानं बसवले. एका वहीच्या कागदावर कोणत्या जिनला कोणत्या दिवशी काय बघायचं ते क्रमानं लिहून शेडमध्ये खिळ्याला अडकवलं. सात नंबरच्या जिनपुढं त्यानं दोनदा रेघ ओढली होती, कारण त्याचा चाकू सारखा सरकायचा. दर चार तासांनी तपासा, असं त्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं.

एकोणीसला संध्याकाळी शीळ वाजली. "ए फिटर!"

राजानंद सात नंबरवरच काम करत होता. हातात चोवीसचा पाना तसाच घेऊन तो ऑफिसात गेला. आत रामप्रसाद होता, कापूस घेऊन आलेले दोन शेतकरी होते, दारात रखमाजी वॉचमन उभा होता. काकासाहेबांनी मुद्दाम सगळ्यांदेखत विषय काढला.

"उद्या किती वाजता येतोस?"

"उद्या येणार न्हाई, मालक. तीसला येतो. मशिनी तयार करून दिल्यात, कागद लावलाय."

"उद्या गेट ओलांडून आत आला न्हाईस, तर परत यायचं न्हाई. ऐकू आलं का? का तुलाही मशिनीचा आवाज येतोय?"

शेतकरी हसले. काकासाहेबांना ते आवडलं. ते त्यांच्याकडं वळून म्हणाले, "या लोकांचं असंच असतंय बघा. काम कमी अन् कार्यक्रम जास्त. आज जयंती, उद्या मिरवणूक, परवा शिबिर. सवलती खाऊन सवय लागली. मेहनतीचं नाव काढलं की पळाले."

राजानंदला पुढचं काही क्षण नीट ऐकू आलं नाही. नऊ तास उभं राहून काम केलेला माणूस तो. त्याच्या नखांत ग्रीस होतं, केसांत रुई होती. त्याची बोटं पान्याभोवती इतकी आवळली होती की मनगटापर्यंत कळ गेली. काकासाहेबांच्या कपाळाचा उजवा कोपरा तेवढा त्याला स्पष्ट दिसत होता. एका पावलाचं अंतर होतं.

त्यानं पाऊल टाकलं आणि पाना टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आदळलाच. टेबलावरची काच तडकली.

काकासाहेब खुर्चीसकट मागं सरकले. "मारतो का रे? मला मारतो?"

"न्हाई," राजानंद म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "पाना जिनिंगचा हाय. माझी हत्यारांची पेटी शेडमध्ये हाय, ती तीसला घिऊन जातो. अन् मेहनतीचं म्हणत असाल, तर सांगा यांना, रविवारी इथं कोण होतं."

रखमाजीनं दारातून बाजूला होऊन वाट दिली.

विहार माळावर होतं. पुढं पत्र्याचा मंडप, मागं दोन खोल्या, कडेला कडुलिंबाची झाडं. चाळीसेक जण आले होते. शेतमजूर, एक तलाठी, दोन शिक्षक, एक रिक्षावाला. वीसला सकाळी सगळ्यांचे केस उतरले, फोन एका पेटीत जमा झाले. चीवर नेसायचं जमेना तेव्हा राजानंदला शेजारच्या तलाठ्यानं मदत केली. मग सगळ्यांनी मिळून शीलं घेतली. खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणताना राजानंदचा आवाज इतरांपेक्षा वर गेला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. नोकरी गेल्याचा गर्व होता त्यात.

ध्यान त्याला अजिबात जमलं नाही. डोळे मिटले की समोर काकासाहेब येऊन बसत. मनात तो त्यांना उत्तरं द्यायचा, एकापेक्षा एक तिखट. चौथ्या दिवशी त्यानं हे भंतेजींना सांगितलं. भंतेजी सत्तरीचे, कानानं थोडे कमी ऐकणारे. ते म्हणाले, "येतायत तर येऊ दे. तू उठून त्यांच्या मागं जाऊ नको, म्हंजे झालं."

मनात येऊन बसणारे काकासाहेब पाचव्या दिवशी खरोखरच आले.

जेवणाची पंगत बसली होती. गावातल्या बाया वाढत होत्या. माळावर धुरळा उडवत जीप आली, थेट मंडपाला लागली. काकासाहेब उतरले, बुटांसकट आत आले आणि थबकले. समोर चाळीस गुळगुळीत डोकी, चाळीस सारखी चीवरं, चाळीस खाली घातलेल्या माना.

"ए फिटर!" ते ओरडले.

एकही डोकं हललं नाही. राजानंदही हलला नाही.

वरणाची बादली घेतलेली बेबीनंदाबाई त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. उभं आयुष्य ऊसतोड केलेली बाई, कुणाला भ्यायची नाही. "पायताण काढून या आधी. ही जेवणाची जागा हाय."

"मला एका माणसाला भेटायचंय."

"इथं सगळी माणसंच हायत. नाव काय त्याचं?"

काकासाहेबांना नाव आठवेना. खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. तो अर्जच होता, पत्त्यासाठी आणलेला. त्यावरून त्यांनी वाचलं, "राजानंद मगरे." मग मंडपाबाहेर जाऊन बूट काढले. ते काढताना एक पाय उचलून जरा तोल गेला, तेव्हा कुणीतरी फिसकन हसलं.

राजानंद उठून लिंबाखाली गेला. काकासाहेबांनी त्याच्या डोक्याकडं पाहिलं आणि नजर दुसरीकडं केली.

"सात नंबरचा रोलर जळाला. त्याच्या नादानं पाच अन् आठ बंद पडलेत. सेलूहून एक बोलावला, त्याला काही येत न्हाई. चल. दोन तासांत जीपनं परत आणून सोडतो."

"कागदावर लिहिलं होतं. दर चार तासांनी बघायचं."

"लिहिलं असंल! वाचायला वेळ कुणाला हाय? चल म्हणतो ना."

"इथून बाहेर पडलो की चीवर उतरवावं लागतंय. परत घालता येत न्हाई."

"कापडाचं काय एवढं? दुसरं घेऊन देतो."

खरं सांगायचं तर राजानंदला आनंद होत होता. काकासाहेबांच्या काखेत घामाचे डाग पडले होते, बोटांत अर्जाचा कागद चुरगळला होता, आणि हे सगळं बघताना त्याला थंड पाणी प्यायल्यासारखं वाटत होतं. हा आनंद या कपड्यात शोभणारा नाही, हेही त्याला कळत होतं. तरी तो होता.

"न्हाई जमणार, मालक."

"तर मंग तुझी नोकरी गेली समज."

"ती तर एकोणीसलाच गेली. एकच नोकरी दोनदा कशी जाईल?"

मंडपातून हसण्याची लाट आली. काकासाहेबांचा चेहरा लालभडक झाला. "डोकं भादरलं म्हणून कुणी साधू होत नसतंय!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. "कालचा फिटर तू, उद्याही फिटरच. तुम्ही सगळे इथं राजे होऊन बसा दहा दिवस. अकराव्या दिवशी आमच्याच गेटवर याल, काम द्या म्हणत!"

मंडपातले तरुण ताटावरून उठले. रिक्षावाला तर चीवर वर खोचून पुढंच आला. भंतेजींनी हात वर केला. "बसा. जेवण थंड होतंय." त्यांनी ते दोनदा म्हटलं, तेव्हा एकेक करून सगळे बसले. राजानंद मात्र झाडाखाली उभाच होता, मुठी चीवरात लपवून. जीप वळली, धुरळा खाली बसला, तरी तो तिथंच उभा. त्या दिवशी त्याला घास गेला नाही. उरलेले पाच दिवस त्याची काकासाहेबांशी मनातल्या मनात भांडणं चालूच राहिली; फरक पडला असेल तर एवढाच की कधीमधी भांडण रंगात आलेलं असताना ते आपण करतोय हे त्याच्या लक्षात यायचं.

तीसला सकाळी चीवर उतरवून तो विहारातून निघाला आणि घरी जायच्या आधी, दहाच्या सुमारास, पेटी आणायला जिनिंगवर गेला. रखमाजीनं त्याचं डोकं पाहून "जय भीम" केलं, पण गेट उघडलं नाही. "मालकाचा हुकूम हाय. इथंच थांब. विचारून येतो."

तो गेला आणि येऊन म्हणाला, "थांब म्हणतात."

राजानंद उन्हात उभा राहिला. एक तास झाला, दीड झाला. ऑफिसच्या खिडकीतून काकासाहेब एकदा बघून गेले. ट्रॉल्या आत गेल्या, बाहेर आल्या, त्याच्यासाठी मात्र गेट बंदच. डोक्यावर केस नसल्यानं ऊन सरळ लागत होतं. आणि त्या वेळात त्याच्या कानांनी आपलं काम सुरू केलं होतं. चोवीसपैकी एकोणीस चालू होते. त्यातला एक किरकिरत होता, तो सात नंबरच; जळालेला रोलर बदलून परत चालू केला असावा. चाकू रोलरला घासत होता, आणि घासणं वाढत चाललं होतं.

"रखमाजीकाका, सात नंबर बंद करायला सांगा."

"मी सांगणार? मला शिव्या घालतील."

पाचेक मिनिटांत वास आला. जळक्या चामड्याचा वास, जिनिंगमध्ये काम केलेला माणूस तो विसरत नाही. आत गुडघाभर रुई पसरलेली, बाया ओंजळीनं कापूस टाकतायत. राजानंदनं गेटच्या बाजूच्या तारेखालून अंग काढलं आणि धावत सुटला. सेलूचा फिटर चहाला गेला होता. सात नंबरच्या रोलरमधून धुराची बारीक रेघ निघत होती. त्यानं स्विच पाडला, जिनभोवतीची रुई दोन्ही हातांनी मागं ओढली, कामावरच्या पुष्पाबाईकडून ओरडून पाण्याची बादली मागवली. ठिणगी पडलीच होती. पाणी पडलं आणि ती फस्सकन विझली.

काकासाहेब धावत आले. त्यांनी धूर पाहिला, ओली रुई पाहिली, बायांचे पांढरे पडलेले चेहरे पाहिले.

मग म्हणाले, "गेटच्या आत कुणाला विचारून आलास?"

राजानंदनं रिकामी बादली खाली ठेवली.

"अन् मला न विचारता मशीन बंद कशी केलीस? तू आता कामावर हायेस का?"

"मालक," पुष्पाबाई म्हणाली, "आग लागली असती."

"तू गप!" काकासाहेब ओरडले. मग राजानंदकडं न बघता, रोलरकडं बघत ते म्हणाले, "कामावर यायचं असंल तर ये. आजपासून. पण सीझन संपेपर्यंत सुट्टीचं नाव काढायचं न्हाई, तसं लिहून द्यायचं. अन् त्या टेबलाच्या काचेसाठी सगळ्यांपुढं माफी मागायची."

बाया, हमाल, रामप्रसाद, सगळे राजानंदकडं बघत होते. रामप्रसाद तर मान हलवून हो म्हण, हो म्हण असं खुणावत होता.

"काच फोडली ते चुकलं माझं," राजानंद म्हणाला. "ते इथंच म्हणतो. लिहून मात्र काही देत न्हाई. माझी पेटी द्या."

"मंग नीघ!"

पेटी कोपऱ्यात रुईनं झाकली गेली होती. त्यानं ती झटकली, उघडून हत्यारं मोजली, खांद्यावर घेतली. जाताना तो सेलूच्या फिटरपुढं क्षणभर थांबला. तो नुकताच चहा पिऊन आला होता. "सातचा चाकू बदलूनच टाक," त्याला म्हणाला. "तो दुरुस्त व्हायचा न्हाई." आणि गेटमधून बाहेर पडला.

रस्त्यावर आल्यावर त्याला कळलं की आपले हात कापतायत. मघाशी आत जे तोंडून निघालं नव्हतं ते सगळं आता एकदम वर येत होतं. काकासाहेबांचं 'नीघ', ते दीड तासाचं ऊन, रामप्रसादची हलणारी मान. दात इतके आवळले होते की दाढ दुखायला लागली. आष्टीकडं जाणारी काळीपिवळी आली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. राजानंदनं हात हलवून नको म्हटलं. घरी पायल असणार होती. आज शाळेला सुट्टी, म्हणजे आकांक्षाही. बाप दहा दिवसांनी येणार म्हणून दारातच उभी असेल पोर. हा राग घेऊन तिच्यासमोर जायचं नव्हतं.

तो ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसला. पेटी पायाशी ठेवली. खाली ओढ्याचं पाणी आटून डबकं झालं होतं, त्यात म्हशी बसल्या होत्या. त्यानं त्या मोजल्या, परत मोजल्या. दुसरी काळीपिवळी आली आणि गेली. एक ओळखीचा मोटारसायकलवाला थांबला, "मुंडण कशाचं? घरी काही झालं का?" म्हणून विचारू लागला. "न्हाई, सगळे बरे हायत," राजानंद म्हणाला. तोही गेला.

तिसरी गाडी आली तेव्हा ऊन कलंडायला लागलं होतं. त्यानं हात पुढं धरून पाहिला. थरथर जवळजवळ थांबली होती, पूर्ण नाही. त्यानं गाडीला हात केला.

"पेटी वर टाका," ड्रायव्हर म्हणाला.

"राहू द्या. मांडीवर घेतो."

आत शिरता शिरता त्यानं विचारलं, "मंठ्याला कुठल्या जिनिंगवर फिटर पाहिजे, काही म्हाईत हाय का?" ड्रायव्हरनं आरशातून त्याच्या डोक्याकडं पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "एकाला पाहिजे होता खरा. पण तो मालकही काही बरा न्हाई."

"असू द्या," राजानंद म्हणाला. "नाव सांगा."